हबक्कूक 3:17 शेतकऱ्यापुढे कसं मांडावं? घरसभेतला एक प्रश्न

धुऱ्यावरचा (शुक्रवार, सकाळी 6:10)

सगळ्यांना जय ख्रिस्त.

आमच्या गावात आमची अकरा घरं. यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव राहू द्या. पाळक साहेबांकडे सात गावं आहेत, ते महिन्यातून एकदा प्रभूभोजनाला येतात. बाकीच्या गुरुवारची घरसभा मी सांभाळतो. मी शिकलेला सुवार्तिक नाही. पाच एकर कोरडवाहू आहे. दिवे लागले की हातपाय धुऊन बायबल उघडतो आणि जमेल तसं समजून घेतो.

पावसाळ्यापासून आम्ही लहान संदेष्टे, म्हणजे बायबलातली संदेष्ट्यांची छोटी पुस्तकं, घेतोय. काल हबक्कूकचा तिसरा अध्याय होता. 17 आणि 18 वं वचन तुम्हाला माहीतच आहे. अंजिराला फुलोरा नाही, द्राक्षवेल रिकामी, जैतून बुडालं, शेतात दाणा नाही, मेंढवाडा रिकामा, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मी वहीत तीन मुद्दे काढून नेले होते. पहिला मुद्दा बोलायला लागलो तर भिंतीला टेकून बसलेले एक काका म्हणाले, "थांब बापू. माह्या सोयाबीनच्या गंजीले कोंब आले. पऱ्हाटीचं बोंड फोडलं का अंदर अळी. आता घरी जाऊन मी हासू का?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. कोणी काही बोललं नाही. मी वही मिटली, प्रार्थना केली आणि सभा सोडली.

रात्रभर डोळा लागला नाही. पुढच्या गुरुवारी हेच वचन पुन्हा घ्यायचं आहे. ते तसंच टाकून पुढच्या पुस्तकाकडे, सफन्याकडे, जायला मन घेत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वचनाचं लागूकरण नक्की काय? आणि ज्याचं पीक गेलं त्याच्यासमोर ते कसं वाचायचं?

नागपूरचा_नवा (शुक्रवार, सकाळी 8:02)

दादा, जय ख्रिस्त. मला वाटतं काकांना धीर देऊन वचन धरून ठेवायला शिकवा. विश्वासानं तोंडानं म्हटलं की परिस्थिती बदलते, हा माझा अनुभव आहे. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला वचनाच्या कार्डात यिर्मया 29:11 निघालं होतं, भवितव्याची आणि आशेची योजना. मी ते आरशाला चिकटवलं. नोकरी जाऊन पाच महिने झाले होते, मार्चमध्ये नवी लागली. काकांनाही असंच एक वचन लिहून द्या.

निंदण_खुरपण (शुक्रवार, सकाळी 8:30)

"हासू का?" हा प्रश्न हबक्कूकनं स्वतः देवाला विचारला असता. त्याचं पुस्तक तक्रारीनंच सुरू होतं.

निवृत्त_पाळक (शुक्रवार, सकाळी 11:15)

धुऱ्यावरचा, तुम्ही वही मिटलीत हे चांगलं केलंत. त्या क्षणी मुद्दा क्रमांक दोन वाचला असता तर ते काका पुढच्या गुरुवारी आले नसते.

माझं धर्मशिक्षण यवतमाळच्या सेमिनरीत झालं. ती 1983 मध्ये पुण्याला गेली, त्याच्या आधी. उन्हाळ्यात आम्हाला खेड्यांवर पाठवायचे. तिथे पहिला धडा हा मिळाला की कुठलंही वचन एकटं राहत नाही. त्याच्या आजूबाजूला घर असतं. आधी त्या घरात जाऊन बसायचं, मग त्याला आपल्या घरी बोलवायचं.

हबक्कूकचं घर पाहा. तो यहूदात राहतो. पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात तो देवाला विचारतो, मी किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? देव उत्तर देतो की खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, येत आहेत. त्यावर हबक्कूक आणखी अस्वस्थ होतो. आमच्यापेक्षा जास्त दुष्ट लोकांकडून तू आम्हाला शिक्षा करणार, हा कुठला न्याय? आणि तो पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन उत्तराची वाट बघत उभा राहतो. देव त्याला या प्रश्नांसाठी एकदाही रागावत नाही. पुढे खास्दी आलेच, इ. स. पू. 586 मध्ये यरुशलेम पडलं. म्हणजे रिकामा गोठा आणि ओसाड शेत हे त्या काळच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ती कवितेतली सजावट नव्हती.

आता 17 व्या वचनाच्या एक ओवी आधी या. 16 व्या ओवीत त्याचं पोट कालवतं, ओठ थरथरतात, हाडं कुजल्यासारखी होतात, पाय लटपटतात. त्याच थरथरत्या ओठांनी तो पुढचं बोलतो. आपण प्रवचनात 16 वी ओवी गाळतो आणि आनंदापासून सुरू करतो. काकांचं जे झालं ते 16 व्या ओवीत आहे. ते वचनाच्या बाहेर नाहीत, आतच आहेत, फक्त एक ओवी अलीकडे.

आणि 18 वी ओवी म्हणते, "मी". तुम्ही नाही, आपण नाही, मी. हबक्कूक स्वतःबद्दल बोलतो. शेजाऱ्याला उद्देशून तो हे बोललेला नाही. हे वचन दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नसतं.

एक विचारतो. दुसरा अध्याय तुम्ही कसा घेतलात?

पऱ्हाटी (शुक्रवार, दुपारी 1:40)

पाळक साहेबांची शेवटची ओळ वाचून मला लिहावंसं वाटलं.

माझे यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. मातीच्या दिवशी एक संदेशक आले होते, बाहेरगावचे. त्यांनी कबरेजवळ रोम. 8:28 घेतलं, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. माझा धाकटा सहा वर्षांचा होता, माझा हात धरून उभा होता. मला वाटलं, कोणाचं कल्याण? वचन खोटं नाही, मला तेव्हाही माहीत होतं. पण ते मला फेकून मारल्यासारखं लागलं. नंतर दोन वर्षं मी रोमकरांस पत्र उघडलंच नाही.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या. त्यांना वाचता येत नाही. पायलीभर ज्वारीचं पीठ ठेवलं, चूल पेटवली, भाकरी टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन माझ्या वावरात निंदायला गेल्या. दोन दिवस निंदलं. एक वचन सांगितलं नाही. मी याकोब 2:15-16 वाचते तेव्हा मला त्यांचे हात दिसतात. भाऊ उघडा आहे, उपाशी आहे, आणि तुम्ही त्याला म्हणता, सुखानं जा, ऊब घे, तृप्त हो, पण देत काहीच नाही, तर काय उपयोग?

रोम. 8 मी पुढे स्वतःच उघडलं. तेव्हा 26 वं वचनही दिसलं. शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा कण्हत मध्यस्थी करतो. ते त्या दिवशी वाचलं असतं तर मला बसायला जागा मिळाली असती.

धुऱ्यावरचा दादा, माझं उत्तर असं. वचन काकांसाठी आहे, पण लागूकरण आधी बाकीच्या दहा घरांसाठी आहे.

मेळघाट_मास्तर (शुक्रवार, दुपारी 3:05)

शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवतो.

@नागपूरचा_नवा, तुमच्या नोकरीबद्दल देवाची स्तुती. पण यिर्मया 29 पूर्ण वाचा. ते बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना पाठवलेलं पत्र आहे. 10 व्या वचनात सत्तर वर्षं म्हटलंय. पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परत येईपर्यंत जिवंत राहणार नव्हते. त्यांना सांगितलं काय, तर तिथेच घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. भवितव्याची आशा त्या सत्तर वर्षांच्या आत बसलेली आहे. तुमच्या पाच महिन्यांनाही ती पुरते, नाही असं नाही. पण कार्डावर जागा एका ओळीचीच असते.

नागपूरचा_नवा (शुक्रवार, दुपारी 3:40)

सर, आत्ता ऑफिसमध्ये अख्खा अध्याय वाचला. सत्तर वर्षांचं मला माहीत नव्हतं. माझी आई सोलापूरहून नागपूरला आली ती परत जायची वाट बघत राहिली, आणि आता तिचं सगळं इथेच आहे. तिला हे पत्र वाचून दाखवतो.

पण माझा एक मुद्दा मी सोडत नाही. वचन तोंडानं म्हणण्यात बळ आहे. हबक्कूक स्वतः मोठ्यानं म्हणतोच ना?

निवृत्त_पाळक (शुक्रवार, दुपारी 4:10)

म्हणतो. आणि गातो. अध्यायाची शेवटची ओळ मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यांवर असं सांगते. म्हणजे ते मंडळीनं मिळून गायचं गीत होतं. तुमचा मुद्दा बरोबर आहे. ज्याला एकट्याला म्हणता येत नाही त्याच्या शेजारी बसून इतरांनी गायचं, हाही त्याचाच भाग.

अमरावतीकर_कॅथलिक (शुक्रवार, संध्याकाळी 6:20)

आमच्याकडे थोडी वेगळी रीत आहे, उपयोगी पडली तर घ्या. एकच छोटा उतारा तीन-चार वेळा सावकाश मोठ्यानं वाचायचा, मध्ये शांतता ठेवायची. 12 व्या शतकात गीगो नावाच्या एका संन्याशानं याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर बसणं. त्यात लागलीच "आता मी काय करू" असं विचारत नाहीत. आधी वचनाला तुमच्याशी बोलू द्यायचं.

आणि स्तोत्रं. आम्ही ती वर्षभर उपासनेत म्हणतो. कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत. स्तोत्र 13 "कुठवर, कुठवर" असं विचारत सुरू होतं आणि शेवटी भरवशावर येतं. स्तोत्र 88 मात्र अंधारातच संपतं, शेवटची ओळसुद्धा अंधाराची. कोणीतरी ते बायबलात ठेवलं. मला त्याचा फार आधार वाटतो.

निंदण_खुरपण (शुक्रवार, संध्याकाळी 7:00)

शांतता ठेवायची म्हणता, पण आमच्या घरसभेत दोन मिनिटं शांतता झाली की एक आजोबा घोरायला लागतात, आणि घोरणं थांबलं की हमखास म्हणतात, "आमेन."

पऱ्हाटी (शुक्रवार, संध्याकाळी 7:12)

दिवसभर वावरात राबलेला माणूस देवाच्या घरात निजला तर त्याला निजू द्या.

अचलपूरची_सिस्टर (शुक्रवार, रात्री 9:30)

मी नर्स आहे. वचनाच्या आधी एक सांगते, आणि ते फार मनापासून सांगते.

दादा, गुरुवारची वाट बघू नका. उद्याच काकांकडे जा, एकटे जा. चहा घ्या. काकूंना बाजूला विचारा की काका जेवतात का, झोपतात का. काकांना सरळ विचारा, "काका, मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्यानं विचार येत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. घरात फवारणीचं औषध असेल तर ते काही दिवस तुमच्याकडे आणून ठेवा. 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी वॉर्डात ज्यांना पाहिलंय त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरचे म्हणतात, काल तर चांगलं बोलत होते.

ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो. पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी बरोबर केलं. ईयोब 2:13.

धुऱ्यावरचा (शनिवार, दुपारी 12:50)

सिस्टर, सकाळी जाऊन आलो. तुम्ही सांगितलं तसं सरळ विचारलं. ते बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तसा नाही रे. पण रात्री लय लांब वाटते." आम्ही दोघं बसलो. औषधाचे दोन डबे मी पिशवीत घालून आणले, काकूंनीच काढून दिले. नंबर त्यांच्या मुलीच्या मोबाईलमध्ये घातला. मुलगी रविवारी सासरहून येते आहे.

तलाठ्याच्या पंचनाम्यात त्यांचं नाव आहे का तेही पाहिलं. नव्हतं. सोमवारी मी घेऊन जातो.

पाळक साहेब, दुसऱ्या अध्यायाचं खरं सांगतो. घाईत घेतला. सहावं आणि सातवं वचन, दुसऱ्याच्या गहाण वस्तूंनी स्वतःला लादून घेणारा आणि अचानक उठणारे सावकार. आमच्या अकरा घरांत एकाचं कृषी केंद्र आहे. निम्म्या गावाची बियाण्याची, खताची उधारी त्याच्याकडे, काकांचीही. तो माझ्या शेजारीच बसतो. माणूस वाईट नाही, घरसभेची सतरंजी त्यानंच दिलीय. मी ती ओवी वाचली आणि लगेच पुढे सरकलो.

निवृत्त_पाळक (शनिवार, दुपारी 2:20)

तिथे थांबायला पाहिजे होतं. दुसरा अध्याय ज्यानं ऐकला त्यालाच तिसरा म्हणता येतो. काकांचं पीक अळीनं आणि पावसानं नेलं, पण त्यांची रात्र लांब झाली ती उधारीनं.

त्या दुकानदार भावाला सभेत उभं करू नका. त्यानंही कंपनीकडून उधारीवरच माल उचललेला असतो. दोन्ही अध्याय सलग वाचा. वाचणारा दुसरा कोणी असू द्या, तुम्ही नको. वचनाला बोलू द्या.

मेळघाट_मास्तर (शनिवार, रात्री 8:15)

वाचण्याबद्दल माझं एक मत आहे. अंजीर, जैतून, मेंढवाडा हे शब्द आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घेतला तेव्हा धारणीकडच्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "असा कोणता येडा शेतकरी वाटेवर बी टाकते?" त्याच्या डोळ्यासमोर तिफण आणि सरता. मी सांगितलं की तिकडे मुठीनं बी फेकून पेरत, आणि शेतातूनच पायवाट जात असे. तो म्हणाला, "मंग बरोबर. आमचे आजे कोदो-कुटकी तसेच फेकत." त्यानंतर अख्खा दाखला त्यानंच समजावून सांगितला, मी ऐकत बसलो.

म्हणून मी असं करतो. उतारा वाचून झाला की लोकांना तोच उतारा आपल्या गावच्या वस्तूंनी म्हणायला लावतो. मूळ बाजूला ठेवायचं नाही, मूळ समोर ठेवूनच. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळं बायबल केलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते पूर्ण छापून निघालं. त्यांनी जो खटाटोप आयुष्यभर केला तो आपण एका ओवीपुरता तरी करू शकतो.

तिफण_वाला (शनिवार, रात्री 9:00)

मास्तर, यात धोका आहे, आणि मी तो पाहिलेला आहे. आपले शब्द घालता घालता लोक आपला अर्थही घालतात. आमच्याकडे एकानं "शंभरपट पीक" म्हणजे देवाला दशांश दिला की एकरी उतारा वाढतो असं समजावलं. दोघांनी कर्ज काढून अर्पण दिलं. मार्क 4 मध्ये बी म्हणजे वचन आहे, असं येशू स्वतः 14 व्या ओवीत सांगतो. सोयाबीन नाही.

मेळघाट_मास्तर (शनिवार, रात्री 9:25)

तुमचं म्हणणं मान्य. म्हणूनच आधी मूळ दोनदा वाचायचं, आणि आपलं म्हणून झालं की पुन्हा एकदा मूळ वाचून ताडून बघायचं. जे जुळत नाही ते खोडायचं.

वारकरी_शेजारी (रविवार, सकाळी 7:30)

मी ख्रिस्ती नाही. मोझरीच्या राष्ट्रसंतांच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज संध्याकाळी बसतो, आषाढीला पायी जातो. तुमचा धागा शुक्रवारपासून वाचतोय.

आमच्याकडे पारायण होतं. सात दिवसांत ग्रंथ संपतो, पण एखादी ओवी आयुष्यभर संपत नाही. माझ्या वडिलांनी एकाच ओवीवर चाळीस वर्षं काढली. दर पेरणीला त्यांना तिच्यात वेगळं काही दिसायचं. तुम्ही एका वचनावर आठवडाभर बसलात, ते पाहून वडिलांची आठवण झाली. काकांना माझा रामराम सांगा. वेचणीला माणसं कमी पडली तर कळवा, माझं गाव दारव्ह्याकडे आहे, आम्ही चार जण येऊ.

पऱ्हाटी (रविवार, दुपारी 12:30)

वारकरी दादा, तुमचे हे शब्द मी चर्चमधून आल्या आल्या वाचले.

नागपूरचा_नवा (रविवार, दुपारी 1:15)

एक वेगळाच प्रश्न. "गोठ्यात गुरे" वरून आठवलं. पोळ्याला आमच्या मामाच्या गावी ख्रिस्ती घरंही बैल सजवतात. हे चालतं का? मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचं 1 करिंथ. 8 काय म्हणतं?

तिफण_वाला (रविवार, दुपारी 1:40)

पूजा करत नाही, पण बैलाला त्या दिवशी जुंपत नाही, अंघोळ घालतो, गोड खाऊ घालतो. कष्ट करणाऱ्या जनावराला विसावा द्यावा हे बायबलातल्या अनुवाद या पुस्तकातही आहे. शब्बाथाच्या आज्ञेत बैलाचं नाव घेतलंय, 5:14.

अमरावतीकर_कॅथलिक (रविवार, दुपारी 2:05)

यावर वेगळा धागा काढा, शंभर उत्तरं येतील. इथे काकांचं राहू द्या.

अचलपूरची_सिस्टर (बुधवार, रात्री 10:10)

दादा, उद्या गुरुवार. आम्ही सगळे रात्री आठला आपापल्या ठिकाणी प्रार्थनेला बसतो.

धुऱ्यावरचा (शुक्रवार, सकाळी 5:50)

काल काय झालं ते सांगतो. कापसाला जायचं आहे, पण सांगून जातो.

काका आले. मुलगीही आली होती. मी मुद्दे काढलेच नव्हते. नववीतल्या एका पोरीनं पहिला अध्याय वाचला, कृषी केंद्रवाल्या भावाच्या बायकोनं दुसरा. तिनं स्वतः मागून घेतला, मी दिला नव्हता. सहाव्या ओवीला तिचा आवाज थोडा अडकला, पण थांबली नाही. तिसरा अध्याय मी वाचला आणि 16 व्या ओवीवर थांबलो. ती पुन्हा वाचली. काका म्हणाले, "हे बरोबर लिहिलं. असंच होते. पाय लटपटते." मग म्हणाले, "हबक्कूकले शेती होती वाटते."

मग मास्तरांनी सांगितलं तसं केलं. मी विचारलं, आपल्याकडे काय काय गेलं ते एकेक जण सांगा. वहीत लिहीत गेलो. सोयाबीनला कोंब आले. कपाशीच्या बोंडात अळी. तुरीचा फुलोरा धुक्यानं गळतो आहे. विहिरीची मोटर जळाली. एका घरची म्हैस आटली. एका आजीनं सांगितलं की पोरगा पुण्याहून फोन करत नाही. मला वाटलं हे शेतीत बसत नाही, पण मेंढवाडा रिकामा म्हणतो तो, म्हणून लिहून घेतलं. पानभर झालं.

त्याच्या खाली मी "तरी मी" एवढं लिहिलं आणि काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ते आज नोको लिहू. जागा सोड." मी जागा सोडली. कोणी त्यांना समजावलं नाही. मग सगळ्यांनी मिळून स्तोत्र 13 म्हटलं, ज्यांना येतं त्यांनी पाठ, बाकीच्यांनी मागून. काका सुरुवातीला गप्प होते. "कुठवर" आलं तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला.

सभा सुटल्यावर कृषी केंद्रवाले भाऊ अंगणात काकांजवळ गेले. मी मुद्दाम लांब थांबलो, पण अंगण केवढं असतं. ते म्हणाले, "भाऊ, औंदाचं व्याज मी धरत नाही. मुद्दल तुरीवर पाहू, नाही झालं तर पुढच्या साली." काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि नुसते उभे राहिले. ते किती रकमेचं आहे मला माहीत आहे. त्या भावाला ते जड जाणार आहे.

पंचनाम्यात नाव लागलं. बोंडांचा जो भाग वाचला आहे तो पुढच्या पावसाच्या आत घरात आणायचा म्हणून आज आम्ही नऊ जण जातो. @वारकरी_शेजारी, तुमचा निरोप काकांना सांगितला. ते म्हणाले, या, पण आधी जेवायला या.

निवृत्त_पाळक (शुक्रवार, सकाळी 7:20)

ती जागा सोडलेली वही जपून ठेवा.

नागपूरचा_नवा (शुक्रवार, सकाळी 8:45)

दादा, दुसऱ्या अध्यायाबद्दल मला काही लिहिता येत नाही, सकाळपासून तीनदा वाचलं. मी शनिवारी येऊ शकतो. मला कापूस वेचता येत नाही, शिकवाल का? मोटर रिवाइंडिंग करणारा एक माझ्या ओळखीचा आहे, त्या मोटरचं मी बघतो.

पऱ्हाटी (शुक्रवार, दुपारी 12:10)

येता येईल त्यानं बाहीचा सदरा घालून या, बोंडाच्या टोकानं हात सोलून निघतात. आणि बांगड्या घालू नका.

मेळघाट_मास्तर (शुक्रवार, रात्री 9:00)

पुढे सफन्या का?

धुऱ्यावरचा (शुक्रवार, रात्री 9:40)

नाही मास्तर. रूथ घेतोय. काकूंनी मागितलं. आज वावरात वेचताना त्यांनी विचारलं, "बायबलात सरव्याची गोष्ट आहे नं एक?" मी सांगितलं, रूथ, दुसरा अध्याय. आणि अनुवाद 24:19 मध्ये असं आहे की शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. काकू म्हणाल्या, आपल्या गावात बाया अजून सोयाबीनचा सरवा वेचायला जातात, त्यांना कोणी अडवत नाही. मग म्हणाल्या की या साली कोंब आलेल्या गंजीतलं चांगलं दाणं मी पाखडून काढलं आहे, दोन पायल्या निघालं, आणि मागच्या गल्लीत एक बाई आहे तिला अर्धी पायली देऊन टाकते.

त्यांच्या नवऱ्याचं सगळं गेलं आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी काही बोललो नाही. काका वेचत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "एक पायली दे."